डिस्क काढून दिलेला कॉम्प्युटर

सुरतेत एकाच ऋतूला किंमत आहे, सीझनला. राखी झाली की तो लागतो आणि धनतेरसपर्यंत कुणाला श्वास घेऊ देत नाही. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत तो लागला हे मला घरात बसून कळतं. समोरच्या शेडमधली एम्ब्रॉयडरीची मशीनं थांबायची बंद होतात. टेम्पोवर साड्यांचे गठ्ठे इतके उंच चढतात की विजेच्या तारा काठीने वर उचलून धराव्या लागतात. हवेत कांजीचा आणि कोऱ्या पॉलिस्टरचा वास, आणि कपडे अंगाला चिकटवणारा दमट उकाडा. ओट्याओट्यांवर बायका धागे कापत बसतात, आणि संध्याकाळी झाडलं की गटाराच्या कडेने गुलाबी-हिरव्या धाग्यांचे पुंजके वाहत जातात.

यंदाही सीझन लागला आणि यंदाही माझं डोकं तापलं. सणासुदीची चाहूल लागली की लोकांना बरं वाटतं. मला मागच्या वर्षीचा सीझन आठवतो आणि हातातलं लाटणं आपटावंसं वाटतं.

मी पंचिंग करते. हा शब्द या धंद्याबाहेर फारसा कुणाला कळत नाही म्हणून सांगते. साडीवर भरतकाम मशीन करतं, पण मशीनला फूल म्हणजे काय ते माहीत नसतं. सुई कुठे खाली जायची, कुठून वर यायची, धागा कुठे तोडायचा, पाकळी कोणत्या दिशेने भरायची, हे सगळं कॉम्प्युटरवर टाक्या-टाक्याने आखून द्यावं लागतं. सुई मारली की कापड ओढलं जातं, म्हणून पाकळी आधीच जराशी जाड आखायची. जॉर्जेटला किती, नेटला किती, हे हाताला कळावं लागतं. बारावी करून, लग्न होऊन मी अमळनेरकडच्या खेड्यातून इथे आले. पाच वर्षं ओट्यावर धागे कापले, आणि कापता कापता साडीची उलटी बाजू वाचायला शिकले. कुठला टाका आधी पडला असेल, कुठला नंतर, हे मला दिसायला लागलं. मग कतारगामच्या एका कारखान्यात मोठ्या शेठनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. ते म्हातारे होते, तोंडाने फटकळ होते, पण काम ओळखायचे. त्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसले.

तो कॉम्प्युटर म्हणजे पडदा आणि मशीन एकाच चौकटीत असलेला होता. खाली वेगळा डबा नाही, सगळं पडद्याच्या पाठीत. उजव्या कोपऱ्यातला पांढरा रंग माझ्या तळहाताने घासून पिवळा झाला होता. कारखान्यात डिझाईनला नंबर असतात, मला मात्र ती नंबराने कधीच आठवली नाहीत. एक केळफुलाची बॉर्डर होती. करडईच्या फुलाची बुट्टी होती. एक वेल मी माझ्या आईच्या विहिरीकडे जाणाऱ्या वाटेसारखी वळवली होती. त्या वेलीच्या किती हजार साड्या गेल्या कुणास ठाऊक.

मोठे शेठ गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. सगळे त्याला छोटे शेठ म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला त्या दिवशी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा डबा होता. म्हणाला, "वंदनाबेन, हवे कॉम्प्युटर पोते डिझाईन काढे छे. चित्र टाका, बे मिनिटमां तैयार." म्हणजे आता मशीनच मशीनला शिकवणार. माझं काम संपलं. मग तो उदारपणे हसला आणि म्हणाला, "खाली हाथे नहीं जवा दउं तमने. तमारो जूनो कॉम्प्युटर लई जाव. घरे काम लागशे."

आणि मी काय केलं? मी वाकून नमस्कार केला. त्याचे आभार मानले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, की नऊ वर्षांची कदर झाली. वरून एक पेढाही खाल्ला. आजही ही गोष्ट आठवली की मला त्याचा जितका राग येतो, तितकाच त्या पेढ्याचा येतो.

माझा नवरा प्रकाश लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, आहे. त्याने ओळखीच्या टेम्पोतून कॉम्प्युटर घरी आणला. सोफ्यावरची उशी काढून त्याच्या पोटाशी लावली होती, धक्का बसू नये म्हणून. घरी मी त्याला हळदकुंकू लावलं. मुलगी तेजल, तेव्हा अकरावीत, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होती. बटण दाबलं. पंखा घुरघुरला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली. तेजलने वाचली, "सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही."

मला वाटलं वाटेत धक्का लागला. दुसऱ्या दिवशी प्रकाश आणि मी तो उचलून रिपेअरच्या दुकानात नेला. दुकानदाराने पडद्याची कड उचकटून आत टॉर्च मारला आणि माझ्याकडे न बघता प्रकाशला म्हणाला, "भाई, इसमें डिस्क है ही नहीं. किसी ने निकाल ली. और खींच के निकाली है, अंदर का केबल तोड़ दिया." केबलचा तो भाग आता मिळत नाही, म्हणाला. पडद्याच्या कडा परत उचकटल्या तर काच जाईल. "फेंक दो. बेन को घर में क्या करना है कॉम्प्युटर?"

काम कोण करतं हे त्याने विचारलंसुद्धा नाही. प्रकाशनेही सांगितलं नाही. मी सांगितलं, "पंचिंग मी करते," तर तो म्हणाला, "अच्छा," आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

वाटेत मला उमगलं. डिस्कमध्ये माझी नऊ वर्षं होती. केळफूल, करडई, ती विहिरीची वाट. ती त्यांनी ठेवून घेतली. हरकत नाही, त्यांच्या पगारावर केलेली होती, ठेवा. पण सांगायचं तरी! "बेन, आत काही नाही, नुसती चौकट आहे," एवढं एक वाक्य. ते न बोलता त्याने मला पेढा दिला आणि माझा नमस्कार घेतला. प्रकाश म्हणाला, "जाऊ दे व. कसाले जीव जाळस?" त्याचं सगळं आयुष्य या दोन शब्दांवर चाललंय, जाऊ दे. बोट कापलं, जाऊ दे. मालकाने सुट्टी नाकारली, जाऊ दे. त्या दिवशी मी रिक्षात रडले नाही. दात इतके आवळून बसले होते की रात्री जेवताना जबडा दुखत होता.

कॉम्प्युटर कपाटावर गेला. त्याच्यावर जुनी चादर टाकली. आठ महिने मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम केलं. डिंकाचा वास बोटांतून जात नाही, पोळीलाही लागतो.

मग राखीच्या आधी एका दुपारी भाजीबाजारात एक बाई माझ्यापुढे वांगी निवडत होती. तिच्या पदरावर माझी केळफुलाची बॉर्डर होती. मी तिच्या मागे मागे गेले. मिरच्या घेतल्या तिथे थांबले, कोथिंबीर घेतली तिथे थांबले. बॉर्डर माझीच होती, पण कुणीतरी ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालून लहान केली होती. टाके एकमेकांवर चढले होते, पाकळीची टोकं गोळा झाली होती. ती बाई वळली. "काय देखी ऱ्हायनी व बाई?"

"साडी भारी शे तुमनी," मी म्हटलं.

"मन्ही पोरनी लिधी," ती खूश होऊन म्हणाली आणि पदर सारखा केला.

तिला काय सांगणार? माझं फूल बिघडवून तुझ्या अंगावर घातलंय? मी घरी आले, पिशवी खाली टाकली आणि कपाटावरची चादर ओढून काढली. धूळ नाकातोंडात गेली. शिंकत शिंकत मी तो कॉम्प्युटर एकटीने खाली उतरवला. माझा तो सीझन तिथून सुरू झाला.

मला एक गोष्ट आठवत होती. कारखान्यात तो एकदा बिघडला होता, तेव्हा आलेल्या माणसाने बाजूला पेनड्राइव्ह लावून त्यावरून तो सुरू केला होता. दुपारभर चालला. मग डिस्क आतच पाहिजे असं कुणी सांगितलं? तासभर बाहेरून चालतो तर रोज का चालू नये? तेजलला विचारलं. तिने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाली, "मम्मी, चालतं. बाहेरची एसएसडी लावायची. पण तू रहने दे ना, तुला नाही जमणार." ते शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर कदाचित मी विचार करत बसले असते.

एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, आणली. काड्यापेटीहून जराशी मोठी, हातात धरली तर वजन लागत नाही. आत काही फिरत नाही, आवाज नाही. कारखान्याचं सॉफ्टवेअर विकतचं होतं आणि त्याची किल्ली शेठकडे, म्हणून मी सगळंच फुकट मिळणारं घ्यायचं ठरवलं, कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणाही आणि पंचिंगचं सॉफ्टवेअरही. ते उतरवून घ्यायला दुसरा कॉम्प्युटर हवा होता. नाक्यावर जालन्याच्या रंजनाताईंचं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार इथं कुत्रं येत न्हाई. बसा. फकस्त काय बिघडवू नका माय." तिथे बसून मी पेनड्राइव्ह तयार केला. घरी येऊन तो लावायचा, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, आणि मग यंत्रणा एसएसडीवर बसवायची, असा बेत. सांगायला एवढंच.

अकरा दिवस तो सुरू झाला नाही.

रोज दुपारी रंजनाताईंकडून काहीतरी नवं समजून घेऊन यायचं, पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं आणि तीच पांढरी ओळ वाचायची. आधी कळलं की सुरू होताना एक ठरावीक बटण दाबून धरायचं असतं, मी ते उशिरा दाबत होते. मग कळलं की बाजूच्या खाचा सैल झाल्यात, पाठीमागची खाच वापरायची. तिथे लावला तर पडदा नुसता काळा, ओळही नाही. मला त्या ओळीची आठवण यायला लागली, इतकी मी वैतागले. समोरच्या शेडमध्ये मशीनं धडधडत होती, अख्खी सुरत कमवत होती, आणि मी घामाने निथळत एका चौकटीपुढे बसून तिला शिव्या देत होते. शेजारणी डोकावून जायच्या. "अजून नाही झालं?" हे विचारताना त्यांच्या आवाजात जी माया असायची, तिचाही मला राग यायचा.

नवव्या दिवशी तेजल कॉलेजातून आली, पायातली चप्पलही काढली नव्हती. मी तिच्या हातातून मोबाईल घेतला, व्हिडिओ लावायला. ती म्हणाली, "मम्मी, त्यावर माझं लेक्चर यायचंय." मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. तुला फुकट मिळालंय सगळं, तुझी बोटं डिंकाने चिकटत नाहीत, तुला काय कळणार, असलं. ती रडत रडत म्हणाली, "तुझा गुस्सा शेठवर आहे ना? त्याला जाऊन बोल ना! त्याला तर तू पाया पडून आली. मला कशाला बोलते?"

पोरगी खरं बोलली होती. नऊ वर्षं जो राग मी गिळला, तो घरी येऊन हिच्यावर, प्रकाशवर, भांड्यांवर निघत होता. ज्याला द्यायचा त्याला मी नमस्कार दिला. मी तिला मोबाईल परत दिला. सॉरी म्हणता आलं नाही, आमच्या घरात तो शब्द तोंडातून निघत नाही. मी तिला पोहे करून दिले आणि तिने ते खाल्ले.

दोन दिवसांनी तिनेच शोधून काढलं. आम्ही पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने तयार करत होतो, या जुन्या मशीनला फक्त जुनी पद्धत समजते. बनवताना एकच खूण बदलायची होती. एक खूण! रंजनाताईंच्या दुकानात बसून ती बदलली, घरी आलो, मागच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला, बटण वेळेवर दाबलं. पडद्यावर यादी आली. खाली जाऊन निवडलं. आणि तो सुरू झाला. मग एसएसडी जोडून तिच्यावर सगळं बसवलं, पेनड्राइव्ह काढला, बंद करून परत चालू केला. मी पोळीचं पीठ मळायला उठतेय तोच पडदा उजळला. कारखान्यात असताना चहा पिऊन येईपर्यंत तो जागा व्हायचा नाही.

तेजल टाळ्या वाजवत होती. मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं सांगू? मला आणखीनच राग आला. इतकं सोपं होतं? मग त्या दुकानदाराने फेकून दे का म्हटलं? आणि मी आठ महिने खडे का चिकटवले?

एसएसडी मी पडद्याच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टीने लावली. आतला बटणसेल मेलाय, त्यामुळे वीज गेली की कॉम्प्युटर तारीख विसरतो, कुठून सुरू व्हायचं तेही विसरतो. रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की मी बटण दाबून धरते आणि त्याला यादीतून दाखवून देते, बाबा रे, इथून.

नवं सॉफ्टवेअर इंग्रजीत, साधनं सगळी वेगळ्या जागी. हात जुन्या जागी जायचे आणि भलतंच काही उघडायचं. तेजलने वहीत प्रत्येक चित्रापुढे मराठीत लिहून दिलं. तिचं मराठी अक्षर पाहून मला हसू यायचं, काना वेलांटीचा पत्ता नाही, पण वही अजून माझ्या मांडीवर असते. पहिलं डिझाईन छोटं केलं, कढीपत्त्याची डहाळी. समोरच्या शेडच्या मालकाकडे फाईल घेऊन गेले. त्याने ऑपरेटरला खूण केली. सुया खाली आल्या. मी कापडाच्या उलट्या बाजूला हात लावून बघितलं, कुठे ओढ नाही, कुठे गाठ नाही. ऑपरेटर ओडिशाचा होता. तो म्हणाला, "धागा एक बार भी नहीं टूटा, दीदी." मालकाने त्याच दिवशी आणखी चार डिझाईन मागितली. दसऱ्यापर्यंत आमच्या गल्लीतल्या तीन शेडचं काम माझ्याकडे होतं.

आणि मग, सीझन ऐन भरात असताना, एका सकाळी अकराच्या सुमारास दारात पांढरी गाडी थांबली. छोटे शेठ. चपला बाहेर काढून, हात जोडून आत आला. म्हणाला, आमचं नवं सॉफ्टवेअर डिझाईन काढतं, पण जॉर्जेट गोळा होतं, सुया तुटतात, माल परत येतो. त्याला मी हवी होते. हे बोलता बोलता त्याची नजर माझ्यामागे गेली आणि तो थांबला.

"आ तो अमारो ज कॉम्प्युटर छे! चालू केवी रीते थयो?"

मी त्याला बसा म्हटलं नव्हतं. विचारलं, "शेठ, त्यातली डिस्क तुम्ही काढायला लावली?"

"ए तो कंपनीनो डेटा कहेवाय ने, बेन."

"कबूल. मग मला सांगितलं का नाही?"

तो हसला. त्याला खरंच वाटलं की हा हसण्याचा विषय आहे. म्हणाला, "तमने शुं खबर पडवानी, एम थयुं."

तुम्हाला काय कळणार, असं वाटलं.

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण माझा हात आधी गेला. पडद्याच्या मागे हात घालून मी एसएसडी चिकटपट्टीसकट ओढली, वायर उपटली आणि ती मुठीत धरली. मग त्याला म्हटलं, "हा तुमचाच आहे ना? उचला. मदतीला माणूस बोलावू का?"

त्याचं हसू गेलं. "अरे बेन, हुं तो मजाक..." असं काहीसं पुटपुटत तो मागे सरला. मी मराठीतच बोलत राहिले, त्याला कळो न कळो. नऊ वर्षांचं सगळं बोलले. नमस्काराचं बोलले, पेढ्याचं बोलले. शेजारणी ओट्यावर आल्या होत्या, हातातल्या कात्र्या थांबल्या होत्या. तो गाडीत बसला आणि गाडी उलटी घेत गल्लीबाहेर गेली, कारण पुढे टेम्पो अडला होता.

मी आत आले. पडद्यावर माझं डिझाईन अजून दिसत होतं, लग्नसराईच्या शालूचा काठ, सकाळपासून आखलेला. बाण हलवून बघितला, हलेना. बटणं दाबली, काही नाही. मग लक्षात आलं, रागाच्या भरात मी फाईल सेव्ह न करताच वायर उपटली होती. सकाळचं सगळं काम गेलं, आणि पाचला माल मशीनवर चढायचा होता.

मेला! माझ्या तोंडून जी अहिराणी बाहेर पडली ती ऐकून तेजल स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात उभी राहून पोट धरून हसायला लागली. मी तिच्यावरही डाफरले. मग एसएसडी परत जागेवर चिकटवली, वायर लावली, बटण दाबून धरलं, यादीतून तिला निवडलं आणि कोऱ्या पडद्यावर पहिला टाका घातला.